सातवं दार

३ फेब्रुवारी, सोमवार

आज घरी अलार्म बसला. निवृत्त होताना खात्याचं एक कोरं फॉल्ट रजिस्टर माझ्या पिशवीत राहून गेलं होतं, ते सहा वर्षांनी कामाला आलं. छत्तीस वर्षं टेलिफोनच्या लायनीवर काढल्यामुळे तक्रार, कारण आणि कारवाई या तीन रकान्यांबाहेर मला फारसं लिहिता येत नाही. तरी रकाने न आखता लिहून बघणार आहे.

तक्रार अशी, की मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत अण्णाराव मास्तरांकडे भरदुपारी चोरी झाली. घरातले सगळे बारशाला गेले होते. मिक्सर, दोन पातेली आणि मास्तरांचा इस्त्री केलेला सदरा गेला. मास्तरांना सदऱ्याचं जास्त लागलं. ही बातमी लातूरला आमच्या लेकीपर्यंत, लुंबिनीपर्यंत, पोचली आणि रोज संध्याकाळी तिचा फोन येऊ लागला. शेवटी गल्लीतल्या सहा घरांनी मिळून अलार्म घ्यायचं ठरवलं. नरसिंग नावाचा देगलूरचा मेकॅनिक आला. पन्नाशीचा आहे, पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा. त्याने मास्तरांच्या ओट्यावर बसून चहा पीत सहाही घरांची यंत्रं एका दमात जुळवली आणि मग घरोघर जाऊन ठोकली.

दारं-खिडक्यांना चुंबकाची एकेक डबी लावली आहे. दार उघडलं की भिंतीवरचं यंत्र भोंगा वाजवतं आणि कितव्या नंबरचं दार ते दाखवतं. आमच्याकडे अशा सहा डब्या आहेत. भोंगा बंद करायला चार आकडी कोड लागतो. "कोणाला सांगू नका," असं म्हणून नरसिंगने तोंड फिरवलं आणि मी १४०४ टाकला. चौदा एप्रिल विसरायची भीती नाही. संध्याकाळी ओट्यावर कळलं की सहाही घरांचा कोड १४०४ आहे. मास्तर म्हणाले, "चोर आपल्यातलाच निघाला तर अवघड हाय."

सहा घरांत आमच्या पाठीमागचं घर रामकिशनदादाचं. दादा माझा थोरला भाऊ. मध्ये एक भिंत आहे. लुंबिनीच्या लग्नाच्या पत्रिकेवरून बोलणं बंद झालं, त्याला नऊ वर्षं झाली. छापखान्याची चूक होती. वहिनी गेल्या तेव्हा मी गेलो होतो, उभा राहून आलो. तेव्हापासून तो एकटाच असतो. त्याच्याकडेही यंत्र बसल्याचं बायकोने, उज्वलाने, सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे ५.४२ ला भोंगा झाला. मी हातात बॅटरी आणि उज्वला हातात लाटणं घेऊन घरभर फिरलो. सगळी दारं बंद. मागच्या दाराच्या डबीवर पाल होती.

कारण : पाल. कारवाई : पाल हाकलली.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे ५.४१. पाल नव्हती. सकाळी ११.१० ला पुन्हा, आणि दुपारी साडेचारला पुन्हा. तिन्ही वेळा सगळी दारं बंद.

पालीवर उगाच आळ घेतला.

८ फेब्रुवारी, शनिवार

डबी आणि चुंबक यांच्यात फट जास्त असेल म्हणून सहाही ठिकाणी पुठ्ठ्याचे तुकडे घालून फट कमी केली. मग सेल बदलले. मग यंत्राच्या मागची पिन काढून घासून बसवली. खात्यात असताना निम्मे फॉल्ट घासल्याने जायचे.

घासून झाल्यावर पाच मिनिटांत वाजलं. वेळ ४.३२.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आठ दिवसांची यादी केली. पहाटे ५.४० च्या आसपास न चुकता. मग अकराच्या सुमारास दोनदा, पंधरा मिनिटांच्या अंतराने. मग साडेचार आणि सहा. असा वक्तशीर फॉल्ट मी आयुष्यात पाहिला नाही. आमच्या काळात लायनी पावसात जायच्या, वाऱ्यात जायच्या, पण घड्याळ बघून कधी गेल्या नाहीत.

उज्वलाने चष्मा लावून यादी वाचली. "पाच चाळीसला दार उघडं टाकून अंगणात फिरायला, अकराला दूध आणि पेपर, साडेचारला विहार, सहाला वापस," असं काहीतरी पुटपुटली. मी म्हणालो, यंत्राला दूध कशाला लागतं. ती हसली आणि भाजी निवडायला गेली.

गल्ली वैतागली आहे. मास्तर म्हणाले, "आनंदराव, ह्याच्यापेक्षा चोर परवडला."

१६ फेब्रुवारी, रविवार

चार वेळा फोन केल्यावर नरसिंग आला. त्याने यंत्राकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, वाजताना नंबर कोणता येऊन राहिला?"

हे मी पाहिलंच नव्हतं. पळत जाऊन कोड दाबायच्या नादात पडद्याकडे कोण बघतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर ही चूक मी कोणाला सांगणार नाही, इथे लिहितो आहे तेवढंच. साडेचारला वाजलं तेव्हा दोघांनी वाकून पाहिलं. नंबर आला सात.

"तुमच्या घरात सहाच हाईत," नरसिंग म्हणाला. "म्हंजे दुसऱ्या कोणाच्या तरी दाराचा सिग्नल तुमच्या मशीननं धरलाय. त्या दिवशी ओट्यावर सगळे डबे एकात एक झाले. त्यानला बी वाजत असंल, तुमाला बी वाजायलंय. जवळचंच घर असंल, लांबून येत न्हाई हे."

"मग खोड तो सातवा."

"खोडायला न्हाई जमत एकटा. सगळंच पुसून पयल्यापासून जोडावं लागतंय. पयले कोणाचं दार हाय ते बगा, मग त्याचं बी संगंच करू. मी पुतणीच्या लग्नाला देगलूरला चाललो, आल्यावर येतो."

जाताना त्याने भोंगा काढून नुसती टिंग-टाँग लावून दिली. हे बरं झालं. आणि कारण कळल्याशिवाय फॉल्ट काढायचा नाही, हा माझा नोकरीतला नियमच होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज पद्धतशीर तपासणी केली. उज्वलाला यंत्रासमोर बसवलं, फोन चालू ठेवला आणि गल्लीतल्या घरांपुढे जाऊन दार उघडायला लावलं. मास्तरांच्या घरी वाजलं नाही. शेजारच्या सिंधुताईंनी तीनदा उघडझाप केली, वाजलं नाही, चहा मात्र घ्यावा लागला. उरलेल्या दोन घरांतही नाही.

म्हणजे आमचं धरून पाच घरं तपासली. मागचं सहावं बाकी. तिथे कोणी नव्हतं असं लिहिणार होतो, पण होतं. दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत होता. मी समोरून गेलो. त्याने पेपर थोडा वर केला.

कारण : अज्ञात.

उज्वला म्हणाली, "पाच झाले. सहावं न्हाई का बगणार?"

मी म्हणालो, नरसिंग आला की बघेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रजिस्टरात खरं लिहायचं असतं. खोटी नोंद केली म्हणून आमच्या खात्यात मेमो मिळायचा.

पत्रिकेचं असं झालं. आमच्याकडे निमंत्रकांत थोरल्याचं नाव पहिलं, मग धाकट्यांचं, मग मामाचं. रीतीने दादाचं नाव पहिलं हवं होतं. मला मुखेडहून नांदेडला शिकायला आणलं त्याने. माझी फी भरायला त्याने स्वतःचं कॉलेज सोडलं. नोकरीचा अर्जसुद्धा त्याच्याच अक्षरात होता. छापलेल्या पत्रिकेत पहिलं नाव माझं होतं, आणि दादाचं तिसरं, मामाच्याही खाली. मी सगळ्यांना सांगितलं की छापखान्याची चूक.

प्रूफ मीच तपासलं होतं. नुसतं तपासलं नाही, नावं मीच तशी लिहून दिली होती. एकदा तरी माझं नाव वर असावं असं वाटलं होतं. माझ्या घरचं लग्न होतं, माझी पोरगी होती. हे मी कोणाला सांगितलं नाही, उज्वलालाही नाही. दादा लग्नाला आला नाही. मंडपात त्याच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर शेवटी केटरिंगवाला बसला.

आज टिंग-टाँग नेहमीच्या वेळी पाचदा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गजर लावणं सोडलं आहे. ५.४० ला सातवा वाजला की उठतो. साडेचारला वाजला की उज्वला चहा टाकते. नरसिंग अजून देगलूरलाच आहे, लग्न लांबलेलं दिसतं. मी त्याला फोन केलेला नाही. घाई नाही.

२ मार्च, रविवार

दुपारी तासाभरात नऊ वेळा वाजलं. फॉल्ट वाढला की काय अशी शंका आली. उज्वला म्हणाली, "नळ आलाय आज. एकट्यानं घागरी भरायच्या म्हंजे नऊ खेपा होणारच." कोणाच्या खेपा ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. थोड्या वेळाने ती मागच्या भिंतीवरून कोणाशी तरी बोलली आणि आमच्या मोटारीचा पाइप भिंतीवर टाकला. मी पेपर वाचत होतो.

त्यानंतर वाजलं नाही.

६ मार्च, गुरुवार

आज ६.३५ ला वाजलं. काल ६.२० ला. फॉल्टची शिस्त बिघडते आहे. अकराच्या दोन फेऱ्यांत पंधरा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटांचं अंतर पडलं.

नातीला कांजिण्या आल्या म्हणून उज्वला दुपारच्या गाडीने लातूरला गेली. डब्यात दोन दिवसांच्या भाकरी, चटणी, आणि फ्रिजवर चिठ्ठी. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "सातवा वाजतोय का न्हाई त्याच्यावर ध्यान ठेवा."

यंत्राची काळजी तिने पहिल्यांदाच केली. बरं वाटलं.

९ मार्च, रविवार

सकाळी ६.५०. अकराची दोन्ही नाहीत. ४.३५ ला, आणि पाच मिनिटांनी पुन्हा. सहाचं वाजलं नाही.

रात्री खिचडी केली. जमली नाही.

१० मार्च, सोमवार

आज उठायला सव्वासात झाले, कारण सातवा वाजलाच नाही. तोंड धुऊन यंत्रासमोर खुर्ची टाकून बसलो. आठ वाजले, नऊ वाजले, काही नाही. माझं स्वतःचं मागचं दार उघडून पाहिलं तर टिंग-टाँग झाली, नंबर दोन आला. म्हणजे यंत्र चालू आहे आणि सातवा गेला आहे.

फॉल्ट क्लिअर. आपोआप. वेळ ९.१५. असे फॉल्ट खात्यात कैक पाहिले, हात न लावता जातात. स्वतःसाठी चहा केला, साखर थोडी जास्त घातली.

त्याच दिवशी, १०.२० : उज्वलाचा फोन येऊन गेला. नातीच्या कांजिण्यांचं सांगून झालं, मग म्हणाली, "सातवा वाजला का आज?" मी म्हणालो, फॉल्ट गेला, काल संध्याकाळपासून एकदाही नाही. मला वाटलं ती खूश होईल. तिने तिकडे कोणाला तरी टीव्हीचा आवाज कमी करायला लावलं. मग म्हणाली, "अहो, ते दादांचं दार हाय. काल संध्याकाळपासून त्यांनी दार उघडलं न्हाई. तुमाला ठाव न्हाई का?"

ठाऊक होतं. रजिस्टरात अज्ञात लिहिलं म्हणजे ते अज्ञात होत नाही.

जातो.

११ मार्च, मंगळवार

काल लिहायला जमलं नाही.

समोरून दादाचं दार वाजवलं. दूधवाल्याची पिशवी कडीला लटकत होती आणि त्यातलं दूध फाटलं होतं. हाका मारल्या. नऊ वर्षांत पहिली हाक मारली तीही बंद दाराला. मग घरी येऊन कोठीतली जुनी शिडी काढली, भिंतीला लावली आणि चढलो. सहा वर्षांनी शिडी चढलो, पण पाय विसरत नाहीत. पलीकडे उतरताना मात्र सदरा फाटला.

त्याचं मागचं दार आतून कडीने बंद होतं. दोन्ही घरांची दारं उमरीच्या एकाच सुताराने केलेली. दार दोन्ही हातांनी वर उचलून जरा डावीकडे ढकललं की कडी आपोआप निघते. ही खोड मला आणि दादाला माहीत. चोराला माहीत नाही म्हणून आम्ही दोघांनीही ती कधी दुरुस्त केली नाही. उचललं, ढकललं, निघाली.

आणि दादाचा भोंगा सुरू झाला. रात्रीचं यंत्र त्याने चालू करून ठेवलं होतं. मी भिंतीपाशी जाऊन १४०४ दाबलं. बंद झाला.

तो न्हाणीच्या दारात पडला होता. एक पाय वाकडा, ओठ सुकलेले, अंगावर ओढून घेतलेला टॉवेल. डोळे मिटलेले. मला वाटलं गेला. मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो. त्याला काही सांगायचं राहून गेलं, एवढंच डोक्यात आलं.

"कोण हाय?" तो म्हणाला.

"मी."

"मी कोण?"

"आनंद."

त्याने डोळे उघडले. माझ्याकडे, मग फाटक्या सदऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"बिनपत्रिकेचा आलास?"

मी उठून पाणी आणलं. मान धरून घोटघोट पाजलं. मग मास्तरांना फोन केला, मास्तरांनी अॅम्ब्युलन्सला. ती येईपर्यंत मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. तो म्हणाला, "पंख्याचं बटन बंद कर, कालपासून चालू हाय." मी उठलो नाही, कारण डोकं खाली ठेवावं लागलं असतं. तो दोनदा म्हणाला.

खुब्याचं हाड मोडलं आहे. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा दिवस गेला असता तर अवघड होतं. मी त्यांना सांगितलं नाही, की मी तेवढ्या वेळात चहा करून पीत होतो. साखर जास्त घालून.

१७ मार्च, सोमवार

ऑपरेशन झालं. त्याचा पोरगा हैदराबादहून आला होता, काल परत गेला. रात्री मी, दिवसा उज्वला. ती लातूरहून आल्यापासून मला एक शब्द रागावलेली नाही, त्यामुळे जरा धास्ती आहे.

आज दुपारी दादा जागा होता. मी उसाचा रस घेऊन गेलो होतो. ग्लास त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "दादा, छापखान्याची चूक नव्हती."

तो रस पीत राहिला.

"नावं मीच तशी दिली होती. मला वर यायचं होतं."

"ठाव हाय."

"कवापासून?"

"छापखान्यातला गणाचार्य माझ्या वर्गातला. छापायच्या आधी इचारायला आला होता, असंच छापू का म्हून." त्याने ग्लास संपवला. "मीच म्हणलो, लिवलंय तसंच छाप."

मी विचारलं, मग नऊ वर्षं कशासाठी गप बसलास.

"तू येऊन सांगशील म्हून. आता आलास तर हाड मोडल्यावर." मग म्हणाला, "आन तो भोंगा. मी दार उघडलं की तुझ्या घरात भोंगा. फिरायला निघालो तरी भोंगा, दूध घ्यायला गेलो तरी भोंगा. मला वाटलं माझ्यासाठीच बसवलास. एवढा राग हाय म्हणलं ह्याला."

मी त्याला सातव्या नंबरचं सगळं सांगितलं. ओट्यावरचे डबे, पाल, पुठ्ठे, पाच घरांची तपासणी. पाच घरांशी आल्यावर तो हसू लागला. टाके दुखले म्हणून नर्सने येऊन मलाच झापलं. मी बाहेर जिन्यात जाऊन रडलो. हे कारवाईच्या रकान्यात बसत नाही, पण झालं ते झालं.

५ एप्रिल, शनिवार

दादा घरी आला. वॉकर धरून चालतो. आमच्याकडे राहा म्हणालो तर म्हणाला, "माझं घर हाय की." जेवण आमच्याकडून जातं. भिंतीवरून द्यायचं म्हणजे शिडी, समोरून जायचं म्हणजे वळसा. उज्वला म्हणते, भिंतीत दार पाडा. सुतार शोधतो आहे, उमरीचा तो तर गेला.

६ एप्रिल, रविवार

आज नरसिंग उगवला. पुतणीचं लग्न होऊन ती माहेरीसुद्धा येऊन गेली असेल. पिशवीतून पेचकस काढत म्हणाला, "सापडलं का साहेब, कोणाचं दार?"

"सापडलं. मागच्या घरचं. दादाचं."

"मंग पुसून टाकू सातवा."

"नको."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मंग तक्रार काय हाय?"

मी म्हणालो, तक्रार अशी की त्याचं दार माझ्याकडे वाजतं, पण माझं त्याच्याकडे वाजत नाही. नरसिंग म्हणाला, "असं काम मला आजपतोर कोणी सांगितलं न्हाई." तरी केलं. आमचं मागचं दार, नंबर दोन, आता दादाच्या यंत्रात सातवा आहे.

संध्याकाळी भिंतीपलीकडून दादा ओरडला, "आनंद, तुझं दार तेरा खेपा वाजलं. एवढं कुठं जायलास?"

उज्वला म्हणाली, "दादा, तुमच्यासाठीच उघडून राहिलेत." मी म्हणालो, चाचणी घेत होतो.

७ एप्रिल, सोमवार

पाच चाळीसला जाग आली. यंत्रासमोर खुर्ची टाकून बसलो. सहा वाजले, साडेसहा. उज्वलाने चहा आणून दिला आणि ती पण बसली. सात झाले. उठून शिडीपाशी गेलो, परत आलो. सव्वासात. उज्वला म्हणाली, "वॉकर हाय त्यांच्या हाती, येळ लागतोय." साडेसात. पावणेआठ.

८.१० ला टिंग-टाँग. नंबर सात.

फॉल्ट कायम. मी उठून आमचं मागचं दार उघडलं आणि परत लावलं. बाहेर काही काम नव्हतं.